वालजीभाईंच्या भिंतीतला तुकडा

ज्या वर्षी भूकंपामुळे जागृतीचं लग्न माघातून उचलून वैशाखात न्यावं लागलं, त्याच वर्षीच्या श्रावणात तिचे वडील वालजीभाई नकुम यांनी पाणियाऱ्यावरचा, म्हणजे माठ ठेवायच्या कट्ट्यावरचा, नळ बदलायला घेतला.

नळ तसा वाईट नव्हता. मिनिटाला एक थेंब गळायचा, एवढंच. सतरा वर्षं गळत होता. खाली ठेवलेल्या लोट्यात जमलेलं पाणी रोज सकाळी तुळशीला जायचं. म्हणजे एका अर्थी त्या घरात वेळेवर काम करणारा तो एकटाच होता. पण सातमीच्या सणासाठी, आदल्या संध्याकाळी, जागृती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला येणार होती, सोबत जावई आणि विहीणबाई. विहीणबाई मोरबीच्या. लग्नात हात धुताना त्यांनी त्या नळाकडे एकदा बघितलं होतं. बोलल्या काहीच नाहीत. तेच वालजीभाईंना लागलं. काही बोलल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

शिवाय हे जामनगर. इथे प्रत्येक गल्लीत पितळेचा कारखाना, नाहीतर कारखान्याला नग पुरवणारा, नाहीतर त्या दोघांचा मेहुणा. ज्या गावचे नळ साऱ्या देशात जातात, त्या गावात आपला नळ गळावा आणि तो मोरबीच्या बाईने बघावा, हे वालजीभाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यातून त्यांनी स्वतः चौतीस वर्षं पितळेच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेली. काम आटे तपासायचं. नग उचलायचा, त्यात गेज फिरवायचं. बसलं तर पास, नाही बसलं तर रंगाचा ठिपका लावून नापासांच्या पोत्यात. अशी लाखो नगांची परीक्षा त्यांनी घेतली होती, आणि एकाही नगाने निकालाविरुद्ध तक्रार केली नव्हती.

तर श्रावण वद्य चौथीला सकाळी पाणी येऊन गेल्यावर वालजीभाईंनी नळाला पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. नळ हलला नाही. अजून जोर दिला. मग कट्ट्यावर एक पाय टेकवून दिला. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि नळ अलगद त्यांच्या हातात आला. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग दिसलं की नळाबरोबर पाइपचा अर्धाच तुकडा आला आहे. उरलेला अर्धा भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या कोपरात, तोंडापासून दोन आटे आत, मोडून बसला होता.

भिंत फोडली की एल्बो बाहेर, पाच मिनिटांचं काम. हे वालजीभाईंना कळत होतं, आणि पुढच्या दोन दिवसांत ते त्यांना आणखी तेवीस जणांनी सांगितलं. पण त्या एल्बोच्या वर वीतभर अंतरावर जागृतीचे कंकूचे थापे, कुंकवाने माखलेल्या तळहातांचे ठसे, होते. मुली सासरी जाताना दारावर थापे उमटवतात. जागृतीने दारावर उमटवले नाहीत. सातव्या वर्षापासून तिने तिथे माठ भरले होते, संध्याकाळी पितरांचा दिवा लावला होता. निघताना ती मागे वळली, आत गेली आणि पाणियाऱ्याच्या भिंतीवर दोन्ही हात टेकवले. वऱ्हाड बाहेर खोळंबलं होतं. चार महिने झाले तरी बोटांच्या रेषासुद्धा दिसत होत्या. वालजीभाई रोज पाणी प्यायला तिथे जात. आताशा त्यांना तहान जास्त लागते, असं त्यांच्या पत्नी मुक्ताबेन म्हणायच्या.

"भिंतीला हात लावायचा नाही," वालजीभाईंनी बायकोला सांगितलं.

"मग पान्याने काय लावलं होतं?" मुक्ताबेन म्हणाल्या.

हिंचक्यावर, घरातल्या झोपाळ्यावर, बसलेल्या मोटीबेन तेवढ्यात म्हणाल्या, "वालजी, मला जरा भिंतीपाशी ने बघू." रळियातबेन हे त्यांचं नाव, पण सारी सोसायटी त्यांना मोटीबेनच म्हणे. वालजीभाईंची बहीण, त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर माहेरी आल्या, आणि मग आईबाप गेल्यावर आठ वर्षांच्या भावाला त्यांनीच वाढवलं. दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू.

"मोटीबेन, तिथे ओलं आहे. घसराल. तुम्ही बसा," वालजीभाई म्हणाले.

मोटीबेन बसल्या.

पहिले आले ते शेजारचे परसोत्तमभाई. त्यांच्या कारखान्यात तीन लेथ होते आणि तिन्ही लेथचा आवाज त्यांच्या बोलण्यात उतरला होता. त्यांनी एल्बोत डोकावून बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं आणि सांगितलं की अशी कामं डोक्याने करायची असतात. मग हातोडी मागवली. जुन्या चौकोनी काणशीचं शेपूट त्यांनी मोडक्या तुकड्यात ठोकून बसवलं, काणशीला पाना लावला आणि डावीकडे फिरवलं. काणस तुटली. दुसरी आणली. तीही तुटली. तिसऱ्या काणशीच्या वेळी ती कुणाची हे विचारायचं राहून गेलं. ती वालजीभाईंची निघाली, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली, मखमलीच्या पेटीतली.

वास्तविक त्या गावात मोडका पाइप काढण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. तिथे सगळे नवे पाइप आणि नवे नळ बनवत. जुन्याचं काय होतं हे त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. पण आटे म्हटलं की जामनगरचा माणूस मागे हटत नाही. त्यामुळे दुपारपर्यंत गल्लीतले सहा कारखानदार पाणियाऱ्यापुढे उकिडवे बसले होते. एकाने रॉकेल सोडायला सांगितलं, दुसऱ्याने खोबरेल. तिसरा स्टोव्हच्या ज्योतीने एल्बो तापवू म्हणाला; कंकूवर काजळी धरेल म्हणून वालजीभाईंनी त्याला स्टोव्हसकट बाहेर काढलं. चौथ्याने फक्त आपल्या दोन्ही धाकट्या भावांना बघायला बोलावलं. मुक्ताबेननी पाच वेळा चहा केला आणि सहाव्यांदा, घरात पाणी नाही, असं शांतपणे सांगितलं. तेव्हा कुठे ते उठले.

खरी अडचण तीच होती. पाणी दिवसाआड, सकाळी सहाला. पुढचं पाणी छठीला. आणि छठ म्हणजे रांधण छठ. दुसऱ्या दिवशी सातमीला चूल थंड, सगळं गार खायचं, म्हणून घराघरात थेपले, ढेबरे, गोड पुऱ्या त्या एका दिवसात करायच्या. छठीला पाणी सुटलं की ते वालजीभाईंच्या उघड्या एल्बोतून सरळ पाणियाऱ्यावर येणार. घराबाहेर एक बंद करायची तोटी असते. ती त्या गल्लीत कुणाकडेच नव्हती. तोटीमुळे पाण्याचा जोर कमी होतो असं ठरवून सगळ्यांनी एकाच वर्षी त्या काढून टाकल्या होत्या. म्हणजे आता एका घराचं पाणी थांबवायचं तर अकरा घरांचं थांबवावं लागणार, आणि गल्लीच्या व्हॉल्व्हची चावी सोसायटीचे मंत्री, म्हणजे सचिव, अमृतलालभाई यांच्याकडे.

अमृतलालभाई सरळ माणूस. नियमाच्या बाहेर ते स्वतःच्या मुलालाही जाऊ देत नसत, मग मुलगा वेगळा राहायला गेला तरी हरकत नाही. त्यांनी अर्ज मागितला. वालजीभाईंनी अर्ज लिहिला. कारण वैयक्तिक की सार्वजनिक, हे लिहिलं नाही म्हणून तो परत आला. वैयक्तिक लिहिलं तर तीन दिवसांची आगाऊ सूचना लागणार होती. सार्वजनिक लिहिलं तर आठ घरांच्या सह्या. वालजीभाईंनी सार्वजनिक लिहिलं आणि सह्यांना निघाले.

सही कुणीही सहज दिली नाही. आधी प्रत्येक जण बघायला आला, कारण न बघता सही कशी करायची. बघितल्यावर प्रत्येकाने उपाय सांगितला, आणि उपाय सांगितल्यावर तो करून बघू दिल्याखेरीज सही द्यायची नाही असं ठरवलं. आठ सह्यांसाठी तो तुकडा आठ वेळा डावीकडे पिळला गेला. दर वेळी तो थोडा जास्तच घट्ट बसल्यासारखा वाटे. पण हे बोलून दाखवणं सही देणाऱ्याचा अपमान झाला असता.

त्या गर्दीत मोटीबेन दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अरे, मला बोट तर लावू द्या." त्यांना कुणीतरी आदराने धरून हिंचक्यावर परत नेऊन बसवलं.

संध्याकाळी अमृतलालभाईंनी निकाल दिला. छठीला पाणी सहाऐवजी सातला सोडण्यात येईल. तोपर्यंत तुकडा निघाला तर उत्तम. नाहीतर जुसबभाई कडिया, गल्लीचा गवंडी, भिंत फोडील, मागची लाइन कापील आणि बूच मारील. अकरा घरांचे थेपले एका भिंतीसाठी थांबणार नाहीत. बोलणं रास्त होतं, वालजीभाईंनाही ते पटलं.

पंचमीला परसोत्तमभाई कारखान्यातून परतले ते हातात एक हत्यार घेऊनच. तिन्ही लेथ बंद ठेवून त्यांनी ते बनवलं होतं: पोलादाची निमुळती चौकोनी सळई, वर दोन हातांत धरायची आडवी मूठ, आणि मुठीवर त्यांच्या कारखान्याचा शिक्का. हे बाजारात आणायचा त्यांचा विचार होता. त्यांनी ते तुकड्यात ठोकलं. पकड अशी बसली की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग एका बाजूने परसोत्तमभाई, दुसऱ्या बाजूने वालजीभाई, आणि डावीकडे जोर.

तुकडा फिरला नाही. पण भिंतीतला एल्बो मात्र केसभर हलला. गिलाव्याचा एक पापुद्रा खाली पडला आणि एल्बोपासून एक बारीक तडा वर चढत गेला. चढला, चढला आणि जागृतीच्या उजव्या हाताच्या करंगळीपासून चार बोटांवर थांबला.

परसोत्तमभाईंनी हत्यार सोडून दिलं. ते तिथेच तुकड्यात रुतून राहिलं. मुक्ताबेन पुढे झाल्या. पापुद्रा पडल्यामुळे एल्बोच्या तोंडाचा काठ उघडा पडला होता आणि त्यावर एक लाल ठिपका दिसत होता. मुलीचं कंकू भिंतीतून झिरपून तिथवर आलंय, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्या ठिपक्याला हळद वाहिली, तांदळाचे चार दाणे चिकटवले आणि हात जोडले. परसोत्तमभाईंनीही जोडले. त्या दिवशी वालजीभाईंना तहान लागली नाही.

छठीला सकाळी साडेसहाला गल्ली वालजीभाईंच्या अंगणात जमली होती. बायकांच्या हातांत पातेली होती, अमृतलालभाईंच्या हातात चावी आणि घड्याळ. जुसबभाई छिन्नी-हातोडा घेऊन पाणियाऱ्यापाशी बसले होते. भल्या मनाचा माणूस. थाप्यांकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारलं, "वालजीभाई, कुठून सुरू करू ते तुम्ही सांगा. मला नाही सांगता यायचं."

वालजीभाईंनी तड्याकडे बोट उचललं आणि अर्ध्यावरच खाली घेतलं. तेव्हा हिंचक्याची कडी वाजली. मोटीबेन उठून स्वतःच चालत आल्या, भिंत चाचपत, पातेल्यांच्या मधून.

"आता तर फोडायचीच आहे ना," त्या म्हणाल्या, "मग मी घसरले तरी चालेल."

त्यांनी हत्यार काढायला लावलं. मग कट्ट्यावर हात टेकून वाकल्या आणि करंगळी एल्बोच्या तोंडात घातली. तिथे तुकडा मोडून आत गेल्यामुळे एल्बोचे दोन आटे मोकळे होते. त्या आट्याच्या खाचेत त्यांनी नख ठेवलं आणि सावकाश उजवीकडे फिरवत नेलं. एक फेरा. पुन्हा एक. वालजीभाई बघत राहिले. त्या बोटाची ती चाल त्यांच्या ओळखीची होती. ते शाळेत होते तेव्हा कारखान्यांतून घरी पोती येत, आणि मोटीबेन कंदिलाशेजारी बसून नगांच्या जोड्या लावत, कुठला कशात बसतो ते, न बघता. तीस वर्षं लावल्या. त्यातून वालजीभाईंची फी गेली, पुस्तकं आली, गेज धरायची नोकरी आली.

"नख आत जायला पाहिजे होतं," मोटीबेन म्हणाल्या. "बाहेर येतंय. आटे उलटे आहेत रे. उजवीकडे फिरव."

अंगणात हसू फुटलं, पण ते म्हाताऱ्या माणसाचा मान राखून, खाली बघून. उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं हे त्या गावात चालता येण्याआधी कळतं. परसोत्तमभाईंनी वालजीभाईंना बाजूला घेऊन समजावलं की तडा चार बोटांवर आहे. उजवीकडे पिळलं आणि एल्बो अजून केसभर हलला तर करंगळीतून आरपार जाईल. त्यापेक्षा जुसबभाई निदान जपून फोडतील. अमृतलालभाईंनी सात वाजायला सतरा मिनिटं आहेत असं नोंदवलं.

वालजीभाईंनी एकदा थाप्यांकडे बघितलं, एकदा बहिणीच्या करंगळीकडे. मग हत्यार उचलून तुकड्यात ठोकलं, मूठ धरली आणि चौतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं: गेज न लावता नग पास केला. उजवीकडे जोर दिला.

भिंतीत काहीतरी करकरलं. मुक्ताबेननी डोळे मिटले. मूठ पाव फेरा फिरली, मग अर्धा, मग एकदम सैल झाली, आणि वालजीभाई भोवऱ्यासारखी ती फिरवत राहिले. आठव्या फेऱ्याला तुकडा हत्याराच्या टोकाला लटकत बाहेर आला. दोन दिवस आठ घरांनी मिळून त्याला जिवापाड घट्ट केलं होतं, हे आता सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि जो तो आपापल्या पातेल्यात बघू लागला.

पण परसोत्तमभाईंना गप्प राहवेना. त्यांनी तुकडा हातात घेऊन आटे बघितले, ते खरंच उलटे होते, आणि अंगणाला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "पाण्याच्या लाइनीत उलट्या आट्याचा नग? हा पास कुठल्या शहाण्याने केला?"

वालजीभाईंचा चेहरा पडला. घर बांधलं तेव्हा शेठने कारखान्यातलं एक पोतं त्यांना भेट दिलं होतं. परदेशी जायचा माल, जाडजूड पितळ, परत आलेला. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत असाच माल आहे. एवढं चांगलं पितळ टाकायचं कुणाच्या जिवावर येतं? त्यांनी खाली वाकून एल्बोच्या काठावरचे तांदूळ बाजूला केले, हळद पुसली आणि लाल ठिपक्यावर अंगठा फिरवला. ठिपका पुसला गेला नाही. वालजीभाई सावकाश सरळ झाले. गेल्या दोन दिवसांत ते एवढे सरळ उभे राहिले नव्हते.

"परसोत्तमभाई, इकडे या. हे कंकू नाही. हा माझा रंग आहे. हा नग मी नापास केलेला आहे. चौतीस वर्षांत माझ्या हातून खोटा नग पास झाला नाही, तो हासुद्धा नाही."

परसोत्तमभाईंनी वाकून बघितलं. ठिपका शाबूत होता. त्यांना मान्य करावं लागलं. जुसबभाईंनी छिन्नी पिशवीत टाकली. मुक्ताबेननी मात्र, मग मी पूजा कशाची केली, असं विचारलं. तुझ्या नवऱ्याच्या निकालाची, असं मोटीबेननी सांगितलं.

सात वाजायला अकरा मिनिटं होती आणि आता नवीनच पेच निघाला. एल्बो उलटा, वालजीभाईंनी आणलेला पाइपचा तुकडा सुलटा. तो बसेना. साऱ्या जामनगरात उलट्या आट्याचा तुकडा सकाळी सातच्या आत मिळणं शक्य नव्हतं. सहाही कारखानदार तो दुपारपर्यंत बनवून द्यायला तयार झाले. जुसबभाईंनी पिशवीत पुन्हा हात घातला.

"माझ्या खाटेखालचा बिस्किटांचा डबा आणा," मोटीबेन म्हणाल्या.

डब्यात सतरा वर्षांपूर्वीच्या पोत्यातलं उरलंसुरलं होतं. त्या जमिनीवर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि एकेक नग बोटाने चाचपून बाजूला ठेवू लागल्या. त्या पोत्यातल्या जोड्या त्यांनीच लावल्या होत्या, प्लंबरला प्रत्येक नग हातात देताना हा उलटा, हा सुलटा असं सांगितलं होतं. वालजी तेव्हा कारखान्यात नापास करत बसलेला. भिंतीत कुठे कुठला बसला ते मात्र आठवत नव्हतं, म्हणून तर बोट लावू द्या म्हणत होते, असं त्या नग शोधता शोधता सांगत राहिल्या. एकाही माणसाने मान वर केली नाही.

बाराव्या नगावर त्यांचं बोट थांबलं. "हा. आतलं टोक उलटं, नळाचं सुलटं."

त्यावर सूत त्यांनी स्वतःच गुंडाळलं, सफेदा चोळला, आणि गुंडाळतानाही बाकीच्यांच्या उलट दिशेने. वालजीभाईंनी तो एल्बोत धरून डावीकडे फिरवत घट्ट केला; साऱ्या गल्लीला ते बघणं जड गेलं. त्यावर नवा नळ चढवला. सातला अमृतलालभाईंनी व्हॉल्व्ह उघडला. पाइप खोकला, नळातून आधी वारा आला, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. नळाच्या मागे एक थेंबसुद्धा नाही. बायका पातेली घेऊन आपापल्या घरी धावल्या, आणि थोड्याच वेळात अकरा घरांतून तेलाचा वास येऊ लागला.

उठताना मोटीबेननी आधारासाठी भिंतीला हात टेकला होता. सगळे पांगल्यावर ते दिसलं: जागृतीच्या दोन लाल थाप्यांच्या शेजारी, तड्याच्या अलीकडे, सफेद्याचा एक पांढरा थापा. मुक्ताबेन फडकं घेऊन आल्या आणि बघून तशाच परत गेल्या.

संध्याकाळी मोरबीची मंडळी आली. विहीणबाईंनी पाणियाऱ्यावर हात धुतले, नळाकडे बघितलं आणि या वेळी बोलल्या. पितळ वजनदार दिसतंय, म्हणाल्या. वालजीभाई नुसते हसले. जागृतीने आपल्या थाप्यांशेजारचा पांढरा थापा बघितला. ती मोटीबेनचा हात हातात घेऊन हिंचक्यावर बसली, आणि नखांत अडकलेला सफेदा काडीने काढत राहिली.

ते हत्यार बाजारात आलं. परसोत्तमभाई ते विकताना दोन्ही बाजूंनी फिरवून बघा असं आवर्जून सांगतात. पाणियाऱ्याची भिंत पुढे दोनदा रंगवली. दोन्ही वेळा रंगाऱ्याला तीन थापे सोडून रंग द्यायला सांगितलं, आणि तडासुद्धा राहू दिला. नळ गळत नाही, त्यामुळे तुळशीला पाणी आता आठवणीने घालावं लागतं. ते काम मोटीबेननी घेतलं होतं. भिंत चाचपत जायच्या.

मोटीबेन, म्हणजे रळियातबेन, दोन हजार चार साली होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या.